ऑनलाइन रोलप्लेत दुसऱ्याच्या पात्राला कुठवर हात लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मल्टिप्लेअर गेमच्या रोलप्ले सर्व्हरवर, म्हणजे जिथे प्रत्येक जण आपलं पात्र होऊन लिहीत-बोलत खेळतो तिथे, नवीनच खेळायला लागलेल्या एका खेळाडूचं पात्र, औषधी मुळ्या विकणारी तमसा, टॅव्हर्नमध्ये, म्हणजे गेममधल्या गुत्त्यात, बसलं होतं. एका अनोळखी खेळाडूने येऊन थेट लिहिलं की त्याच्या वीरध्वजाने तिला पकडलं, हातपाय बांधले आणि घोड्यावर टाकून नेलं. तिने ‘मला हे नको’ म्हटल्यावर उत्तर आलं, “माझं पात्र दरोडेखोर आहे, ते असंच वागणार. जमत नसेल तर रोलप्ले सर्व्हरवर येऊ नये.” तिला विचारायचंय की नकार देणं म्हणजे रसभंग करणं का, आणि अशा ठिकाणी वागायची रीत नेमकी काय असते.

नकार देणं रसभंग नाही. रीत मोडली ती समोरच्याने, आणि दरोडेखोर खेळला म्हणून नव्हे. दरोडेखोर खेळायला कुणाचीच हरकत नसते. चांगला खलनायक मिळाला तर सगळ्या सर्व्हरचं भलं होतं. चूक त्या वाक्यात आहे. मी बरीच वर्षं रोलप्ले गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा गट, चालवते, सीन घेते आणि सीनमधून उठलेली भांडणं मिटवते. ती भांडणं खणत गेलं की बहुतेक वेळा तळाशी एकच गोष्ट सापडते: कुणीतरी दुसऱ्याच्या पात्राचा निर्णय परस्पर घेऊन टाकलेला असतो. म्हणून नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगते, प्रयत्न तुझा, परिणाम समोरच्याचा. तुमच्या पात्राने काय करायला घेतलं ते तुम्ही लिहायचं. त्याचं समोरच्या पात्रावर काय झालं ते त्या पात्राचा मालक लिहिणार.

एमोटमध्ये, म्हणजे पात्राची कृती सांगणाऱ्या ओळीत, हे कसं दिसतं ते बघा. ‘वीरध्वज तमसाचा हात पिरगाळतो आणि तिला खाली पाडून बांधतो.’ या एका ओळीत तमसाच्या वाट्याचे तीन निर्णय त्याने घेतले: हात सापडला, ती पडली, ती बांधली गेली. तिच्या खेळाडूला लिहायला काही उरलंच नाही. याला गॉडमोडिंग म्हणतात, काही ठिकाणी पॉवरगेमिंग. आता हेच असं लिहिलं असतं तर? ‘वीरध्वज टेबलावरून पुढे झुकून तमसाच्या मनगटाकडे हात टाकतो, दुसऱ्या हातात दोराची गुंडाळी आहे.’ धमकी तेवढीच आहे, किंबहुना जास्तच, कारण पुढे काय होणार ते अजून ठरलेलं नाही. तमसा हात मागे घेऊ शकते, मुळ्यांची पूड त्याच्या डोळ्यांत फेकू शकते, किंवा खरंच पकडली जाऊ शकते. तिच्या खेळाडूला अपहरणाची गोष्ट आवडणारी असेल तर ती स्वतःच लिहील की मनगट सापडलं, आणि मग पुढचे चार आठवडे दोघांना धमाल कथा मिळेल. विचारलं असतं तर मिळाली असती ती गोष्ट त्याने न विचारता घालवली.

हा प्रश्न नवा नाही. मजकुरावर चालणारं पहिलं मड (अनेकांनी एकाच वेळी खेळायचं ऑनलाइन जग) १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी उभं केलं, आणि तेव्हापासून एकाच जगात अनेक अनोळखी माणसं आपापली पात्रं घेऊन वावरतायत. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी सुरू केलेल्या लॅम्डामू या तशाच मजकुरी जगामध्ये १९९३ साली जे घडलं ते प्रत्येक गिल्डप्रमुखाला ठाऊक असावं. एका खेळाडूने ‘वूडू बाहुली’ नावाची वस्तू वापरून इतरांच्या पात्रांच्या नावाने हव्या त्या ओळी स्क्रीनवर उमटवल्या. त्या ओळी लैंगिक आणि हिंसक होत्या, आणि ती पात्रं स्वतःच तसं करतायत असं सगळ्यांसमोर दिसत होतं. शरीराला कुणी हात लावला नव्हता. तरी ज्यांच्या पात्रांवर हे झालं ती माणसं हादरली. प्रशासकांनी त्याआधी थोडेच महिने जाहीर केलं होतं की खेळाडूंच्या आपसातल्या बाबतीत आपण पडणार नाही. त्यामुळे काय करायचं यावर तिथे मोठा वाद झाला, शेवटी एका प्रशासकाने त्या खेळाडूचं खातं काढून टाकलं, आणि पुढे कर्टिस यांनी लोकांनी अर्ज करून मतदानाने नियम ठरवायची व्यवस्था आणली. ‘नुसते शब्दच तर होते’ हे उत्तर तेव्हाही पुरलं नव्हतं. त्या खेळाडूला त्यासाठी खास वस्तू लागली होती. साध्या एमोटमध्ये तेच काम कुणीही, कुठलीही वस्तू न वापरता करू शकतो, म्हणून आपण रीत पाळतो.

आता याची दुसरी बाजू, आणि ती तितक्याच जोरात सांगायला हवी. परिणाम तुमच्या हातात आहे म्हणजे तुम्हाला कधीच काही लागणार नाही असं नव्हे. प्रत्येक तलवार हुकवणारा, प्रत्येक विष ओळखणारा, कधी न घाबरणारा खेळाडू सुद्धा समोरच्याचा खेळ मारतच असतो. समोरच्याने मेहनतीने, रीतीने प्रयत्न लिहिला असेल तर त्यातलं काहीतरी लागू द्या. पूर्ण नको असेल तर अर्धं घ्या: वार चुकला पण बाही फाटली, दोर सुटला पण मनगटावर वळ उठला. ज्याचं पात्र हरायला तयार असतं त्याच्याबरोबर खेळायला लोक रांग लावतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दोघांनाही जिंकायचं असेल तर फासा टाका. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये रोल कमांड दिली की १ ते १०० मधला आकडा सगळ्यांसमोर येतो. फायनल फँटसी १४ मध्ये रँडम नावाची तशीच कमांड आहे. फक्त फासा टाकण्याआधी दोन गोष्टी ठरवा: कुणाचा आकडा मोठा आला की काय होणार, आणि हरणाऱ्याचं जास्तीत जास्त किती नुकसान होणार. मरण, कायमचं अपंगत्व, पात्राचं रूपच बदलणं, या तीन गोष्टी फाशावर लावायच्या असतील तर मालकाची स्वच्छ संमती आधी हवी. वर्षभर जपलेलं पात्र एका आकड्यात गेलं आणि मालकाला वाटलं होतं की फक्त जखम होणार, असं झालं की मैत्री पण जाते आणि गिल्ड पण दुभंगते.

‘माझं पात्रच तसं आहे’ या वाक्याकडे वळू. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर आता तोंडपाठ आहे: पात्र तसं आहे कारण तू ते तसं केलंस. क्रूर माणूस सुद्धा रोज, प्रत्येक टेबलावर, प्रत्येकाशी क्रूर वागत नाही. आज वीरध्वजाचा मूड कसा आहे, त्याची नजर कुणावर पडते, तो धमकावून निघून जातो की हात टाकतो, हे सगळं खेळाडू ठरवतो, आणि ठरवताना समोर कोण बसलंय ते त्याने पाहायला हवं. पात्राच्या आड खेळाडूने लपायचं नसतं.

पण हीच गोष्ट उलटूनही येते. तुमच्या पात्राने भर दरबारात सरदाराला शिवी हासडली आणि शिपाई पुढे आले की ‘मला हा सीन नको’ म्हणालात, तर ते बरोबर नाही. पात्राच्या करणीला पात्राच्या जगात फळ मिळणारच, त्यावाचून ते जग खरं वाटत नाही. फळ कुठलं हे मात्र बोलता येतं. कोठडीतली मारहाण नको असेल तर ओओसीत, म्हणजे पात्राबाहेर येऊन, सांगा; दंड, हद्दपारी, महिनाभर बंदराच्या गोदीत सक्तमजुरी, असे पर्याय कुठलाही शहाणा सीनचालक आनंदाने देईल. नकार द्यायचा तो नको असलेल्या प्रकाराला. आपल्याच कृतीच्या परिणामांतून पूर्ण सुटका मागायची नाही.

ओओसी शब्द आला म्हणून सांगते. पात्र बोलतं ते आयसी (इन कॅरेक्टर), खेळाडू बोलतो ते ओओसी (आउट ऑफ कॅरेक्टर). मजकुरात ओओसी दुहेरी कंसात लिहायची पद्धत आहे: ((पाच मिनिटं थांबता का, फोन आलाय)). यातली खरी शिस्त माहितीच्या बाबतीत लागते. तुम्हाला जे कळलं ते तुमच्या पात्राला कळलंच असं नाही, आणि ते पात्राला कळल्यासारखं वापरलं की त्याला मेटागेमिंग म्हणतात. सर्वात रोजची चूक म्हणजे डोक्यावर तरंगणारं नाव वाचून अनोळखी माणसाला नावाने हाक मारणं. दुसरी चूक प्रोफाइलची. टोटल आरपी ३ सारख्या अ‍ॅड-ऑनमध्ये, म्हणजे गेमला जोडायच्या पूरक प्रोग्राममध्ये, लोक पात्राचं वर्णन लिहितात, कुणी हौसेने पूर्वायुष्यही लिहितं. ‘हिने राजकन्येला विष दिलं होतं’ हे तिथे वाचून तुमचा पहारेकरी बेड्या घेऊन धावला तर त्या बिचारीची सगळी गोष्ट पहिल्याच दिवशी संपली. वर्णनातलं डोळ्याला दिसेल, नाकाला जाणवेल तेवढंच तुमच्या पात्राचं. बाकीचं तुमच्या मनोरंजनासाठी. आणि प्रोफाइल लिहिणाऱ्यांनाही विनंती, ‘तिला पाहताच तुमच्या अंगावर काटा येतो’ असं लिहू नका. काटा माझ्या पात्राचा आहे, यायचा की नाही ते मी ठरवेन.

मर्यादा आधी कशा सांगायच्या? टेबलावर बसून रोलप्ले करणाऱ्यांनी यासाठी काढलेल्या युक्त्या ऑनलाइन तशाच चालतात. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडलेली रेषा आणि पडदे ही त्यातली सर्वात उपयोगी. रेषा म्हणजे जे आपल्या कथेत घडणारच नाही. पडदा म्हणजे जे घडू शकतं, पण दाखवायचं नाही. सीन तिथे कापायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचा. आमच्या गिल्डमध्ये नवीन कथानकाआधी प्रत्येक जण आपल्या रेषा आणि पडदे एका सामायिक पानावर लिहितो, नाव न घालता. नाव नसल्यामुळे माणसं मोकळेपणाने लिहितात, आणि हे कुणाचं म्हणून शोधत बसायचं नाही हे आधीच ठरलेलं आहे. कुणाला कोळी नको असतात, कुणाला लहान मुलांना इजा नको असते, कुणाला पात्राच्या आजारपणावर विनोद नको असतात. यादी कधीच पुरी होत नाही, म्हणून सीन चालू असताना थांबवायची सोयही लागते. जॉन स्टाव्ह्रोपूलोस यांनी २०१३ मध्ये सुचवलेलं एक्स-कार्ड त्यासाठीच आहे: टेबलावर फुली काढलेलं कार्ड, कुणीही त्याला हात लावला की तो भाग गाळायचा. चॅटमध्ये आम्ही दुहेरी कंसात नुसती फुली टाकतो. फुली आली की सीनचालक लिहितो, ((ठीक, मागच्या दोन ओळी झाल्याच नाहीत असं धरू, वीरध्वज दारातच उभा आहे)), आणि खेळ पुढे सरकतो.

यातली एक गोष्ट कुठेही सोडू नका: कारण विचारायचं नाही. ‘का, काय झालं?’ हा प्रश्न मायेने विचारला तरी समोरच्याला आपली जखम अनोळखी लोकांपुढे उघडी करायला लावतो. कारण सांगावं लागणार असं कळलं की माणसं फुली टाकणं सोडून देतात, गप्प सोसतात आणि महिन्याभरात सर्व्हर सोडून जातात. फुली टाकणाऱ्याचे आभारही मानायची गरज नाही, माफीनामाही नको. गाळा आणि पुढे चला.

आधी विचारून घ्यायला लाज वाटते, मजा जाते, असं पुष्कळ जण म्हणतात. विचारणं एका ओळीचं काम आहे. वीरध्वजाच्या खेळाडूने एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं: ((नमस्कार, माझं पात्र दरोडेखोर आहे. तमसाला पळवून नेण्याचा सीन करायला आवडेल का? नको असेल तर फक्त धमकावून पाकीट मागेन.)) यात कथेचं गुपित फुटत नाही, नकाराला सोपी वाट मिळते, आणि होकार आला तर समोरची व्यक्ती मनापासून खेळते. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे, आणि ‘हं, चालेल बहुतेक’ हेही नव्हे. तिथे हलका पर्याय घ्या.

प्रेमप्रकरणांबद्दल जास्त सावध राहायला सांगेन. दोन पात्रं प्रेमात पडतात, दोघे खेळाडू रोज रात्री तास-दोन तास एकमेकांसाठी सुंदर वाक्यं लिहितात, आणि हळूहळू एकाला कळेनासं होतं की ही ओढ पात्राची की आपली. प्रत्यक्ष भेटून, पात्र वठवत लाइव्ह रोलप्ले करणारे याला ब्लीड म्हणतात. त्यात काही विकृत नाही, भावना ओतून लिहिणाऱ्याला ते होणारच. त्यावर उपाय म्हणजे सीननंतर पाच-दहा मिनिटं माणूस म्हणून गप्पा मारणं, पात्राबद्दल ‘मी’ न म्हणता ‘ती’ किंवा ‘तो’ म्हणणं, आणि एकाला भावना जड व्हायला लागल्या तर उघड सांगणं. पात्राच्या प्रियकराने दुसऱ्या पात्राशी बोललं म्हणून तुम्ही त्या खेळाडूला खाजगीत जाब विचारत असाल, तर कथा तिथेच काही आठवडे थांबवा. पात्राचं प्रेम खेळाडूवर हक्क देत नाही: ऑनलाइन का नव्हतीस, दुसऱ्याबरोबर सीन का केलास, फोटो पाठव, यातलं काहीही नाही.

वयाच्या बाबतीत तडजोड नसतेच. समोरची व्यक्ती अठराच्या आतली आहे किंवा असावी असं वाटलं तरी प्रणयाचा आणि लैंगिक आशयाचा सीन तिथेच बंद, पडद्याआडही नाही, आणि पात्राचं वय कितीही लिहिलेलं असलं तरी. आणि अठराच्या आतल्या खेळाडूंनी हे पक्कं ध्यानात ठेवावं: कुणी मोठा माणूस तुम्हाला तसा सीन खाजगीत करायला, मॉडरेटरला न सांगायला किंवा दुसऱ्या अ‍ॅपवर यायला सांगत असेल, तर तो रोलप्ले नाही. मोठ्यांपैकी विश्वासाच्या कुणाला तरी सांगा आणि रिपोर्ट करा.

बाकी रोजचे शिष्टाचार साधे आहेत. चालू सीनमध्ये शिरण्याआधी थोडं वाचा, जमलं तर व्हिस्परमध्ये, म्हणजे खाजगी संदेशात, ‘येऊ का’ विचारा. टॅव्हर्न सगळ्यांचं असतं, पण कोपऱ्यातलं कुजबुजणारं जोडपं नसतं. फायनल फँटसी १४ मध्ये नावाशेजारी रोलप्लेचं चिन्ह लावता येतं, ते दिसलं तर जवळ जायला हरकत नाही. तीन-चार जण असतील तर ज्या क्रमाने सुरुवात झाली तो क्रम पाळा, आणि हळू टाइप करणाऱ्याला डावलून पुढे पळू नका. समोरचा दोन ओळी लिहितोय तर तुम्ही पानभर लिहू नका. जायचं असेल तर सांगून जा. लांबच्या कथानकातून बाहेर पडायचं असेल तरी सांगा, म्हणजे इतरांना तुमच्या पात्राला प्रवासाला पाठवता येतं.

आवाजावर चालणाऱ्या सर्व्हरचं गणित थोडं वेगळं आहे. जीटीए ५ या गेमवर लोकांनी स्वतः चालवलेल्या फाइव्हएम सर्व्हरवर कुणी बंदूक रोखली तर थांबून विचारायला वेळ नसतो, म्हणून तिथे बरीचशी संमती आधीच, सर्व्हरच्या नियमांतून घेतलेली असते. तुम्ही आत येता तेव्हा लुटलं जाणं, अटक होणं मान्य केलेलं असतं. त्याच्या बदल्यात नियमही कडक असतात: कथेवाचून कुणाला गोळी घालायची नाही, गाडीखाली चिरडायचं नाही, बंदूक समोर असताना जिवाची भीती दाखवायची, मेल्यावर परत आलात तर मारणारा कोण ते विसरायचं, आणि हरताना खेळ बंद करून पळायचं नाही. कुणी सीन लाइव्ह स्ट्रीम करत असेल तर प्रेक्षकांनी चॅटमध्ये सांगितलेलं वापरणं हेही मेटागेमिंगच. म्हणून अशा सर्व्हरवर जाण्याआधी नियमांचं पान अथपासून इतिपर्यंत वाचा. तिथे लैंगिक अत्याचार, छळ आणि अपहरण यांबद्दल स्पष्ट ओळ नसेल तर मी तो सर्व्हर सुचवणार नाही.

आता तमसाच्या खेळाडूने काय करावं? त्या माणसाला एकदाच, सभ्य शब्दांत लिहावं: ((माझ्या पात्राचं काय होतं ते मी लिहीन. पकडण्याचा प्रयत्न लिहिलास तर उत्तर देईन. अपहरण मला नको. तमसा टॅव्हर्नमध्येच आहे असं धरतेय.)) आणि खरंच तसं धरून दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागावं. त्याने लिहिलेलं अपहरण तिच्या होकारावाचून घडलेलंच नाही. सर्व्हरवर कुणी त्याचा दाखला दिला तरी मान्य करायची गरज नाही. पुन्हा केलं तर वाद घालू नये. त्या माणसाला इग्नोर यादीत टाकावं, संवादाचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ठेवावेत आणि सर्व्हरच्या किंवा गिल्डच्या मॉडरेटरकडे द्यावेत. तक्रारीत पात्र कसं आहे यावर काही लिहू नये. कुठल्या ओळीत आपल्या पात्राचा निर्णय त्याने घेतला, आपण नको कधी म्हटलं आणि त्यानंतर तो काय करत राहिला, एवढं क्रमाने लिहिलं की मॉडरेटरला पुढचं ठरवता येतं. आणि मॉडरेटरही ‘अगं, त्याचं पात्रच तसं आहे’ म्हणाले, तर दुसरा गट शोधावा. तमसाला बरोबर घेऊन जाता येतं.